खाडीपलीकडची जमीन: चार्ल्स कोरिया यांची दुसरी मुंबई

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती कमी केली आहे. भाषा शक्यतो बोलली तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय चार्ल्स कोरिया. त्यांच्यावर बोलायचं म्हटलं की पडद्यावर एकामागून एक इमारती येतात. साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय, भोपाळचं भारत भवन, जयपूरचं जवाहर कला केंद्र, पुण्याचं आयुका, पणजीची कला अकादमी. सगळ्या बघण्यासारख्या आहेत. पुण्यात राहून ज्यांनी आयुकाचं आवार पाहिलेलं नाही त्यांनी जरूर परवानगी काढून पाहावं. पण आज मी यातल्या बहुतेक इमारती बाजूला ठेवणार आहे. मला बोलायचंय ते जमिनीबद्दल. एक वास्तुकार इमारती बांधता बांधता जमिनीच्या प्रश्नाशी कसा येऊन भिडला, तिथे त्याला काय जमलं, काय जमलं नाही, आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढाच आजचा आवाका.

ओळख थोडक्यात करून घेऊ. जन्म १९३० चा, सिकंदराबादचा. घराण्याचं मूळ गोव्याचं. शिक्षण मुंबईत, मग अमेरिकेत मिशिगन आणि एमआयटी. १९५८ मध्ये मुंबईत स्वतःचं काम सुरू केलं आणि त्याच सुमारास साबरमतीच्या संग्रहालयाचं काम मिळालं. वय अठ्ठावीस. १९६३ मध्ये नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. म्हणजे तिशी जेमतेम ओलांडलेल्या या माणसाकडे नाव होतं, कामं होती, आणि स्वस्थ बसून बंगले आणि कार्यालयं बांधत राहण्याची पूर्ण सोय होती.

आता नकाशाकडे या. मुंबई हे चिंचोळं बेट. दक्षिणेला कोट आणि कचेऱ्या, उत्तरेला माणसं. सकाळी सगळ्या गाड्या भरून दक्षिणेकडे जातात, संध्याकाळी भरून उत्तरेकडे येतात, आणि उलट्या दिशेला निम्म्या रिकाम्या धावतात. लोकलने जाणाऱ्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक आहे, त्यासाठी नगररचनेची पदवी लागत नाही. १९६४ मध्ये महापालिकेचा विकास आराखडा जाहीर झाला आणि त्यावर लोकांची मतं मागवली गेली. या आराखड्यात शहर होतं त्याच दिशेने, उत्तरेकडे, आणखी लांब होणार होतं.

तिघांनी यावर वेगळं उत्तर दिलं. कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल. प्रवीणा मेहता शिकागोत शिकून आलेल्या वास्तुकार. त्या पिढीत या पेशातल्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्यांचं नाव आज फारच कमी घेतलं जातं, म्हणून मी मुद्दाम घेतोय. शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंते. केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल, जो आपल्याकडचा पहिला मानला जातो, तो त्यांच्या कामातला, १९६५ चा. या तिघांपैकी एकाकडेही सरकारी पद नव्हतं, आणि कोणी त्यांना हे काम सांगितलेलं नव्हतं. मुल्कराज आनंद संपादक असलेल्या 'मार्ग' या नियतकालिकाचा जून १९६५ चा अंक या विषयाला वाहिलेला निघाला आणि त्यात यांची कल्पना तपशिलात आली. शहर उत्तरेकडे ताणत बसू नका, पूर्वेकडे खाडी ओलांडा. समोर मुख्य भूमी आहे, तिथे दुसरं शहर बसवा, आणि त्यात कामधंदा सुद्धा न्या, नुसती घरं नकोत. खाडी मध्ये ठेवून दोन शहरं समोरासमोर, आणि बंदर त्यांच्या मध्ये.

कल्पना संपूर्ण नवी होती असं म्हणू नये. स. गो. बर्वे यांच्या गटाने १९५०च्या दशकाच्या अखेरीसच ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून मुख्य भूमीकडे वाढायला सुचवलं होतं. पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही मुंबईवरचा भार प्रदेशात वाटून देण्याचा विचार मांडला. पण या तिघांनी त्याचं चित्र काढून दाखवलं आणि त्याचा हिशेब मांडून दाखवला. सरकारला चित्रापेक्षा हिशेब पटतो. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली. कोरिया सुरुवातीच्या वर्षांत मुख्य वास्तुकार होते, आणि शिरीष पटेलांकडे नियोजन आणि बांधकामाची मोठी जबाबदारी होती. वीस लाख माणसांचं शहर कागदावर आलं.

तो हिशेब काय होता, हे जरा थांबून बघू. माझ्या मते पुढचं सगळं त्यातून निघतं. शहर बसवायला पैसा लागतो, रस्ते, पाणी, गटारं, पूल. सरकारकडे तो नव्हता. मग ठरलं असं की जमीन शेतीच्या भावाने संपादन करायची. तिथे रस्ते, पाणी, वीज आणली की तिचा भाव वाढतो. तो वाढीव भाव शहराच्या खात्यात जमा करायचा आणि त्यातून पुढचं शहर बांधायचं. सट्टेबाजांच्या खिशात जाणारा फायदा लोकांच्या कामाला लागेल, असा त्यामागचा विचार. कल्पना प्रामाणिक होती. खासगी बिल्डरने हे केलं असतं तर सगळा नफा त्याचा झाला असता. पण 'शेतीच्या भावाने' या दोन शब्दांत कोण बसलेलं आहे ते बघा. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, ठाणे जिल्हा आणि तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड जिल्हा, ९५ गावं. आगरी, कोळी आणि कराडी समाजाची भातशेती, मिठागरं, खाजणं. वाढलेला भाव शहराला मिळायचा तर तो मूळ मालकाला मिळणार नव्हता. शहराचं भांडवल म्हणजे शेतकऱ्याची जमीन. आणि हे भांडवल त्याने स्वखुशीने गुंतवलेलं नव्हतं.

हा विरोधाभास त्या काळातल्या आराखड्यांत ठळकपणे दिसत नाही. गावं नकाशावर आहेत, गावठाणाभोवती रेषा आहे, पण ती सोडून दिलेल्या जागेसारखी. शहर तिच्या भोवतीनं वळतं.

उत्तर मिळायला चौदा वर्षं लागली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी वाढीव मोबदल्यासाठी आणि विकसित जमिनीतल्या वाट्यासाठी लढत होते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जासई, पागोटे या भागात गोळीबार झाला. पाच शेतकरी गेले. त्यानंतर आणि त्यामुळे, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचं तत्त्व मान्य झालं, आणि १९९० नंतर ते योजना म्हणून अमलात येऊ लागलं. नवी मुंबईत 'साडेबारा टक्के' हे शब्द आज रिक्षावाल्यालाही कळतात. नगररचनेच्या पाठ्यपुस्तकात 'मार्ग'च्या त्या अंकावर पानंच्या पानं असतात, साडेबारा टक्क्यांवर ओळ असली तर असते. मला विचाराल तर आपल्याकडच्या नगररचनेत पुढच्या पिढ्यांनी जपलेली सगळ्यात महत्त्वाची भर यातली दुसरी आहे. ती कुठल्याही वास्तुकाराने घातलेली नाही.

आता या कथेची दुसरी बाजू, सरकारची. तिघांच्या योजनेचा कणा असा होता की राज्याचा कारभार खाडीपार जाईल. सचिवालय गेलं की कचेऱ्या जातील, बँका जातील, मग माणसं जातील. गाड्या उलट्या दिशेनेही भरून धावतील. प्रत्यक्षात काय झालं? त्याच दशकात समुद्रात भर घालून नरिमन पॉइंट उभं राहिलं. एक्स्प्रेस टॉवर्स, एअर इंडिया, एकापाठोपाठ एक. आणि १९८१ मध्ये विधानभवनाची नवी इमारत कुठे झाली? नरिमन पॉइंटला. त्याच सुमारास मशीद बंदरचा कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार वाशीला हलवला गेला, मग मसाला, धान्य, भाजी, फळं गेली, लोखंड बाजार कळंबोलीला गेला. त्यांच्याबरोबर माथाडी गेले. म्हणजे कांदे-बटाटे खाडीपार गेले, मंत्रालय गेलं नाही. (हशा) हसताय खरे, पण ज्यांच्या डोक्यावर ती पोती होती त्यांना हलायला सांगणं सोपं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

वाशीच्या खाडीवर रस्त्याचा पूल १९७०च्या दशकातच झाला. रेल्वे मात्र मानखुर्दहून वाशीला पोहोचली १९९२ मध्ये. ज्या शहराचा सगळा युक्तिवाद लोकलच्या गर्दीवरून सुरू झाला, त्याला लोकल मिळायला बावीस वर्षं लागली. कोरिया तोपर्यंत कधीच बाहेर पडले होते.

आता इमारतीकडे येतो, नाहीतर तुम्ही म्हणाल वास्तुकलेचं व्याख्यान म्हणून बोलावलं आणि सातबारा वाचून दाखवला.

कोरियांच्या दोन कामांची वर्षं शेजारी ठेवा. पेडर रोडजवळची कांचनजंगा इमारत पूर्ण झाली १९८३ मध्ये. सुमारे ८४ मीटर उंच, ३२ फ्लॅट, तळाचा चौरस २१ मीटर बाजूचा. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण ऊन आणि पावसाचा मारा सुद्धा तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांडा हे उत्तर काढलं होतं. कोरियांनी तो व्हरांडा उचलून आकाशात नेला, इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या बागा कोरल्या. खालून बघताना इमारतीचे तुकडे कोणीतरी चाव्यांनी खाल्लेत असं वाटतं. काम अप्रतिम आहे, आणि ३२ श्रीमंत कुटुंबांसाठी आहे.

त्याच १९८३ मध्ये बेलापूरच्या घरांचं काम सुरू झालं. सिडकोसाठी. आज त्या वस्तीला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, सेक्टर आठमध्ये. मधून एक ओढा जातो. इथे मी सावकाश जाणार आहे.

कोरियांचा मूळ प्रश्न असा होता: गरिबाच्या घरासाठी उंच इमारतच हवी हे कोणी ठरवलं? उंच इमारतीला पोलाद लागतं, सिमेंट लागतं, कंत्राटदार लागतो. आणि त्यात राहणाऱ्याला पुढची वीस वर्षं भिंतीत खिळा ठोकण्यापलीकडे काही बदलता येत नाही. उलट जमिनीवरचं घर गवंडी बांधतो, सुतार बांधतो, पैसे गावातल्या गावात फिरतात, आणि घर संसाराबरोबर वाढतं. यावर नेहमीची हरकत अशी की अशा घरांना जमीन फार लागते. ती हरकत त्यांनी आकड्यांनी खोडून काढली. ५.४ हेक्टर जागेत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं बसवली. कुटुंबात पाच माणसं धरा, म्हणजे हेक्टरी पाचशे माणसं. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. आपण सरासरी साठ धरू. साडेपाचशे गुणिले साठ म्हणजे ३३ हजार चौरस मीटर, ३.३ हेक्टर. उरले दोन हेक्टरांच्या वर. त्यात अंगणं, रस्ते आणि बाकीच्या सोयी. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण त्यातून कळतं की तळमजला अधिक एक अशा घरांतही गर्दी न होता दाटी साधता येते.

भूखंडांचा आकडा पुन्हा बघा. सगळ्यात लहान ४५, सगळ्यात मोठा ७५. कमी उत्पन्नाचा कारकून आणि बऱ्यापैकी कमावणारा अधिकारी यांच्या पगारात जेवढी तफावत असते त्याच्या मानाने हा फरक किती कमी आहे. घर ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे लहानमोठं होईल, जमीन मात्र जवळपास सारखी. कोरिया यालाच समतेचे भूखंड म्हणत. मला यात इमारतीच्या रेखाटनापेक्षा जास्त धाडस दिसतं.

आता रचना. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, अंगण आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांच्यामध्ये बारा बाय बाराचा चौक. अशा तीन चौकांमध्ये पुन्हा एक मोठं पटांगण. म्हणजे घरातून बाहेर पडलेलं दोन वर्षांचं पोर अंगणात थांबतं, सात वर्षांचं चौकात जातं, पंधरा वर्षांचं पटांगणात क्रिकेट खेळतं. आईला हाक कुठपर्यंत ऐकू जाईल त्यावर ही मापं बेतलीत असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. कोरियांनी तसं लिहिलेलं नाही, त्यांनी लिहिलं ते असं की आपल्या हवेत घर चार भिंतींत संपत नाही. स्वयंपाक आणि झोपेची आतली जागा, शेजारपाजारच्या बोलण्याचा उंबरठा, पाण्याच्या नळाशी भेटण्याची जागा आणि गावाचं मैदान, या चारही मिळून घर होतं, आणि त्यांतली उघड्यावरची जागा बांधलेल्या जागेपेक्षा खूप स्वस्त पडते. ज्यांचं बालपण वाड्यात किंवा चाळीत गेलंय त्यांना हे नवीन नाही. ओटा, गॅलरी, नळाचं कोंडाळं. नवीन एवढंच होतं की एका आधुनिक वास्तुकाराने त्याची मापं काढली.

सगळ्यात महत्त्वाची अट मी शेवटी ठेवली होती. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. प्रत्येक घर आपल्या भूखंडावर सुटं. का? शेजाऱ्याला न विचारता, त्याच्या भिंतीला धक्का न लावता वाढवता यावं म्हणून. घरं साध्या वीटकामाची, उतरत्या कौलारू छपरांची, गवंड्याला जमतील अशी. वास्तुकाराने घर संपवलेलंच नव्हतं. मुलगा मोठा झाला की खोली काढा, सून आली की वरचा मजला चढवा.

आणि लोकांनी चढवले की. अगदी मनापासून चढवले. आज तिथे गेलात तर मूळ कौलारू घरं शोधावी लागतात. बऱ्याच ठिकाणी जुनं घर पाडून पूर्ण भूखंडावर काँक्रीटचं दोन-तीन मजली घर उभं आहे. चकचकीत फरशा, स्टीलचे कठडे, रंगीत काचा. परदेशातून वास्तुकलेचे विद्यार्थी येतात, हातात १९८६ चे फोटो असतात, आणि ते हिरमुसतात. मला तो हिरमोड कळत नाही. घर वाढावं म्हणूनच बांधलं होतं, ते वाढलं. बिघडलं असेल तर एका ठिकाणी: सामाईक अंगणात गाड्या उभ्या राहिल्या. १९८३ मध्ये या उत्पन्नगटातल्या माणसाकडे मोटार असेल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. आठ बाय आठच्या अंगणात दोन गाड्या लागल्या की अंगण संपतं.

आणि आता मघाचे दोन धागे एकत्र आणतो. या वस्तीपासून थोड्या अंतरावर बेलापूर गाव आहे, शहाबाज आहे, दिवाळ्याचा कोळीवाडा आहे. तिथल्या लोकांनीही तेच केलं. कुटुंब वाढलं, गावठाणाची हद्द मात्र कागदावर होती तिथेच राहिली, शेती संपादनात गेलेली. मग त्यांनी गावठाणाला लागून घरं बांधली, मजले चढवले. याला नवी मुंबईत 'गरजेपोटी बांधलेली घरं' असा शब्द आहे. सरकारी निर्णयांत सुद्धा तो शब्द येतो. ही घरं नियमित करा ही मागणी कितीतरी वर्षं चालू आहे, अधूनमधून पाडकामाची पथकं येतात, मोर्चे निघतात.

म्हणजे बघा, एका बाजूला वाढतं घर, ज्यावर जगभरच्या वास्तुकलेच्या पुस्तकांत प्रकरणं आहेत. थोड्याच अंतरावर तेच वाढतं घर, पण अतिक्रमण म्हणून नोंदलेलं. दोन्हीकडे गवंडी तेच, विटा त्याच, गरज तीच. फरक सातबाऱ्याचा. एकाच्या पायाखालची जमीन सिडकोने दिलेली, दुसऱ्याची सिडकोने घेतलेली. कोरियांचं तत्त्व त्यांच्या रेषेच्या बाहेर त्यांना न विचारता सिद्ध झालं असं मी म्हणेन, आणि ज्या यंत्रणेची सुरुवात त्यांच्या कल्पनेतून झाली तिने ते ओळखलं नाही.

कोरिया स्वतः यातून निराश होऊन इमारतींकडे परतले असं कोणी म्हणतं, तेव्हा मी गिरण्यांची आठवण देतो. थोडक्यात सांगतो, कारण गिरणगावावर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि नंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. ५८ गिरण्या, जवळपास सहाशे एकर जमीन, मुंबईच्या ऐन मध्यात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत ५८ क्रमांकाचाच नियम, हा आकड्यांचा योगायोग: जमीन विकायची किंवा विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. १९९६ मध्ये राज्य सरकारने कोरियांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्यांचा अहवाल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांपुरता राहिला. पण त्यातली गोष्ट साधी होती आणि ती वास्तुकारालाच सुचावी अशी होती. प्रत्येक गिरणीतून वेगळा तिसरा हिस्सा काढलात तर तुम्हाला पन्नास बागांचे पन्नास तुकडे मिळतील, कशालाच उपयोगी नाहीत असे. सगळ्या गिरण्या एका नकाशावर मांडा, हिस्से एकत्र करा, मग परळला खरं मैदान मिळेल, रस्ता मिळेल, घरं मिळतील.

अहवाल बाजूला पडला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. 'मोकळी जमीन' या शब्दांचा अर्थ असा लावला गेला की आधीपासून रिकामी असलेली जमीनच वाटणीत येईल, शेड पाडून रिकामी होणारी नाही. गिरणीच्या आवारात रिकामी जमीन ती किती असणार? वाटणीतला सार्वजनिक भाग कितीतरी घटला. पर्यावरण कार्यकर्ते न्यायालयात गेले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्यानंतर परळ-लोअर परळचं काय झालं ते तुम्ही रोज बघता. एका सरकारी नियमातले दोन शब्द बदलले की किती मोठा आराखडा पुसला जातो, यासाठी मी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण देतो. त्यांना पेन्सिल धरायला शिकवतात. नियम वाचायला शिकवत नाहीत.

मुख्य बोलणं इथे थांबवतो. १६ जून २०१५ ला कोरिया गेले. दोन प्रश्न चिठ्ठीवर आलेत, तेवढे घेतो.

पहिला प्रश्न: बेलापूरची मूळ घरं वारसा म्हणून जपावीत का?

माझं मत, नाही. जी दोन-चार शिल्लक आहेत त्यांच्या मालकांना हौस असेल तर जरूर, आणि त्यांना मदत मिळावी. पण वाढण्यासाठी बांधलेल्या घराला 'वाढू नकोस' म्हणणं विचित्र होईल. जपायची असतील तर अंगणं जपा आणि भूखंडांच्या हद्दी जपा. तिथली घरं कितीही बदलली तरी भूखंड सुटे आहेत तोवर ती वस्ती तीच आहे. ज्या दिवशी सात भूखंड एकत्र करून त्यावर एक टॉवर मंजूर होईल, त्या दिवशी ती संपेल. कला अकादमीची गोष्ट वेगळी. ती सार्वजनिक वास्तू आहे, मारिओ मिरांडांनी रंगवलेल्या प्रेक्षागृहासकट ती जशीच्या तशी राहायला हवी होती. २०२३ च्या जुलैमध्ये दुरुस्तीचं काम चालू असताना तिच्या खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. तिथे काळजी घेणं हे सरकारचंच काम होतं.

दुसरा प्रश्न: तिसरी मुंबई येतेय म्हणतात. त्यात कोरियांचं काही आहे का?

२०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, म्हणजे 'मार्ग'मधल्या नकाशावर खाडी जिथे ओलांडायची इच्छा होती, ते साठ वर्षांनी घडलं. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी नवनगर विकास प्राधिकरण म्हणून एमएमआरडीएची नेमणूक झाली. क्षेत्र सुमारे ३२३ चौरस किलोमीटर. नवी मुंबईइतकंच जवळपास. कर्नाळा, साई, चिरनेर अशी नावं त्यात आहेत. चिरनेर म्हणजे १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं गाव. यात कोरियांचं काय आहे ते मी अजून शोधतोय. पण पाटलांचं नक्की आहे. या वेळी जमिनीचा किती वाटा परत मिळणार, हा प्रश्न लोकांनी पहिल्या दिवशीच विचारायला सुरुवात केली आहे. १९७० मध्ये तो विचारायलाच चौदा वर्षं आणि पाच माणसं लागली होती. बेलापूर बघायला जाल तेव्हा तिथूनच उरणची लोकल पकडा. जासईला हुतात्मा स्मारक आहे, तेही बघून या.

वेळ संपली आहे. पुढच्या व्याख्यानात अच्युत कानविंदे, मालवणजवळच्या आचऱ्याचे.